सर्व्हर आपला, पण गेम कुणाचा?

आजचा प्रश्न आमच्या दासगावच्या पोरांचा: कंपनीने बंद केलेला ऑनलाइन गेम आपण आपल्या सर्व्हरवर चालवला, तर ते बेकायदेशीर का?

आधी एक घोळ मिटवू. माइनक्राफ्टचा सर्व्हर घरच्या पीसीवर टाकला तर काही प्रॉब्लेम नाही. ते सॉफ्टवेअर कंपनी स्वतःच देते. आपण बोलतोय ते कंपनीला न विचारता बाहेरच्यांनी बनवलेल्या सर्व्हरबद्दल.

"कोड आम्हीच लिहिला, पैसेही घेत नाही, मग गुन्हा कसला?" असं बरेच जण म्हणतात. अमेरिकेतला बीनेटडी अगदी असाच होता. ब्लिझार्डच्या बॅटल डॉट नेटला हौशी लोकांनी लिहिलेला फुकट पर्याय. २००५ मध्ये ते अपिलात हरले. कारण खरा सर्व्हर सीडी-की तपासायचा, यांचा नाही. म्हणजे चोरीची कॉपीही बिनधास्त चालायची. शिवाय ज्या लायसन्सला 'आय ॲग्री' केलं होतं, त्यात रिव्हर्स इंजिनिअरिंगला मनाई होती.

आणि पैसे घेतले तर? स्केपगेमिंग वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या खेळाडूंकडून पैसे घ्यायचं. २०१० मध्ये त्यांच्यावर ८.८ कोटी डॉलरचा निकाल लागला.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याचं कलम ५२ थोडी मोकळीक देतं: तुमची कॉपी कायदेशीर असेल, तर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तिच्याशी जुळवण्यापुरती, दुसरीकडे सहज न मिळणारी माहिती काढता येते. पण गेमचे नकाशे, कॅरेक्टर, संगीत कॉपी करून वाटणं त्यात बसत नाही. हक्कभंगाच्या हेतूने लॉक तोडलं, तर २०१२ च्या दुरुस्तीतलं कलम ६५अ आहे: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

कंपनीने सर्व्हर बंद केला म्हणून तिचा कॉपीराइट संपत नाही. वर्षानुवर्षं खेळलेला गेम एका दिवसात गायब व्हावा, हे मलाही पटत नाही. पण रस्ता निघतो. सिटी ऑफ हीरोज २०१२ मध्ये बंद पडला. चाहत्यांच्या होमकमिंग सर्व्हरला एनसीसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये रीतसर लायसन्स दिलं.

तर पोरांनो, गेमच्या फाइल्स वाटू नका, डोनेशनचा क्यूआर लावू नका, आणि सर्व्हर चालू करण्याआधी कंपनीला एक मेल टाका. नकार आला तरी निदान कुठे उभे आहोत ते कळेल.

भेटू पुढच्या भागात.