इमारत कायम, कामगार मात्र तात्पुरता

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. उत्पादनखर्च, सीमांत उपयोगिता हे शब्द मी आयुष्यभर फळ्यावर लिहिले. तो फळा रोज सकाळी पुसून कोण ठेवते, याची चौकशी मात्र फार उशिरा केली.

आमच्या महाविद्यालयात एक बाई सकाळी सहाला झाडलोटीला येत. अकरा वर्षांत चार कंत्राटदार बदलले. बाई त्याच, जिने तेच, केरसुणी तीच. पण दर नव्या कंत्राटाबरोबर त्यांची नोकरी कागदावर पहिल्या दिवसापासून सुरू होई. ग्रॅच्युइटीसाठी १९७२ च्या कायद्याने पाच वर्षांची सलग सेवा मागितली होती. एका कंत्राटदाराकडे त्यांची तीन वर्षांहून अधिक सेवा कधी भरलीच नाही. बाराव्या वर्षी नव्या यादीत त्यांचे नाव नव्हते. मी चौकशी केली, तेव्हा उत्तर मिळाले, "सर, त्या आपल्या कर्मचारी नव्हत्याच." कायद्याच्या दृष्टीने उत्तर चोख होते. आणि सांगायला संकोच वाटतो, पण सर्वांत कमी दराची ती निविदा मंजूर करणाऱ्या समितीत मीही सही केली होती. आजचे भाषण हे काही अंशी त्या सहीचे प्रायश्चित्त आहे.

संस्थेने आपले काम बाहेर द्यावे की नाही, हा प्रश्न अर्थशास्त्राला नवा नाही. रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारले होते की, बाजारात सर्व काही विकत मिळत असताना उद्योगसंस्था मुळात निर्माणच का होते? त्यांचे उत्तर असे की, बाजारातून प्रत्येक सेवा घेण्यालाही खर्च पडतो. तो जास्त असेल तेथे काम घरात ठेवणे स्वस्त पडते. ही कसोटी मला मान्य आहे. इमारतीच्या लिफ्टची देखभाल बाहेर द्यावी, कारण त्या कारागिराजवळ असे कौशल्य व अशी हत्यारे असतात, जी एकट्या इमारतीला बाळगणे परवडत नाही. पण झाडलोटीचा कंत्राटदार काय आणतो? यंत्र नाही, विद्या नाही, बहुधा भांडवलही नाही. तो आणतो फक्त नावांची यादी.

मग बचत होते कोठून? साधा हिशेब मांडू. कामगाराला १०० रुपये मजुरी द्यायची आहे. त्यावर कंत्राटदाराचे १० रुपये धरा. या ११० रुपयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे १९ रुपये ८० पैसे. बिल झाले १२९ रुपये ८० पैसे. १०० रुपयांचे काम जवळजवळ १३० रुपयांना घेऊनही संस्थेला ते स्वस्त पडत असेल, तर त्याचा अर्थ एकच: मूळ १०० रुपयेच कायम कामगाराच्या वेतनाहून पुष्कळ कमी आहेत. रजा, वेतनवाढ, ग्रॅच्युइटी, आजारपणातला आधार हे सारे त्यातून वगळलेले आहे. याला कार्यक्षमता म्हणत नाहीत. खर्च वाचत नाही, तो फक्त संस्थेच्या वहीतून कामगाराच्या घरात सरकतो. आणि ते घर बहुधा कोणत्या वस्तीत, कोणत्या जातीत असते, हे आपणांस ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर हे काम लादले गेले, त्यांना त्याच कामात पेन्शनीची नोकरी मिळू लागली, आणि नेमके तेव्हाच ते काम 'बाहेरचे' ठरले.

हा अन्याय कायद्याला कधी दिसलाच नाही, असे मात्र नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या दहाव्या कलमाने कंत्राटबंदीसाठी कसोट्या घालून दिल्या. काम आस्थापनेला आवश्यक आहे काय? ते बारमाही आहे काय? पूर्णवेळ कामगारांना पुरेल इतके आहे काय? केर तर रोज पडतो. त्याच कायद्याखाली ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई, धूळ झटकणे व राखण या कामांत १ मार्च १९७७ पासून कंत्राटी मजुरीला बंदी घातली. ते दिवस आणीबाणीचे होते. त्या राजवटीविषयीचे माझे मत बदललेले नाही. पण हे पाऊल योग्य होते, हे मान्य केले पाहिजे.

पुढे एअर इंडियाच्या इमारती झाडणाऱ्या मुंबईतील कंत्राटी कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितले की, कंत्राट बंद झाले की कामगार मूळ मालकाचा होतो. हा दिलासा पाच वर्षेही टिकला नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णय फिरवला. कंत्राट संपले म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. कंत्राट निव्वळ बनाव होते, हे त्याने औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावे, असे ठरले. प्रत्येक आस्थापनेचा स्वतंत्र विचार न करता काढली म्हणून १९७६ ची अधिसूचनाही पुढील काळापुरती रद्द झाली.

आता २०२० ची व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिने गाभ्याच्या कामात कंत्राटी मजुरीला मनाई केली आहे; पण गाभ्याबाहेरच्या कामांची यादीही दिली आहे. सफाई, राखण, उपाहारगृह, बागकाम, इमारतींची देखभाल ही सारी त्या यादीत आहेत. म्हणजे १९७० साली प्रश्न होता 'काम बारमाही आहे काय?', आज प्रश्न आहे 'काम प्रतिष्ठेचे आहे काय?' शिवाय कंत्राटी कामगारांविषयीच्या या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर नेली आहे. आमच्या महाविद्यालयातले सफाई कामगार होते चौदा.

मग करायचे काय? उत्तरासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी आणि १९८१ मध्ये खाजगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला. शासन, मालक व कामगार यांचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन करायचे. कामगाराची नोंदणी मंडळाकडे. मालकाने मजुरी व वरची लेव्ही मंडळात भरायची. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा यांची जबाबदारी मंडळाची. मालक बदलला तरी कामगाराची वर्षे पुसली जात नाहीत. माथाडी मंडळांत दोष शिरले आहेत, हे मी जाणतो. ते दूर करावेत. पण पाठीवर ओझे वाहणाऱ्याला जे मिळाले, ते जिना पुसणाऱ्या बाईला का मिळू नये?

तोवर आपल्यापैकी जे कोणी शाळा, बँका, सहकारी संस्था, गृहनिर्माण संस्था यांच्या समित्यांवर आहेत, त्यांनी एवढे तरी करावे: कंत्राटदार बदलला तरी कामगार बदलणार नाहीत व त्यांची मागील सेवा धरली जाईल, ही अट निविदेत लिहूनच सही करावी. मला हे निवृत्तीनंतर सुचले. आपणांस वेळेवर सुचावे, एवढ्यासाठीच हे बोललो.