जोसाफात या नांवाचा प्रवास

(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या कणकवलीच्या मुलुखांत दशावतार पाहणारांस ठाऊकच आहे कीं, संवाद रोज निराळे असले तरी पात्रांचीं नांवें ढळत नाहींत. नांव हरवलें म्हणजे कथा कोणाची हेंही हरवतें. याचा एक दाखला ख्रिस्ती वाङ्मयांतूनच घेऊं.

बार्लाम व जोसाफात यांची कथा युरोपांत शेंकडों वर्षें इतिहास म्हणून वाचिली गेली. हिंदुस्थानच्या एका राजाचा पुत्र विरक्त होईल असें भविष्य झालें. राजानें त्यास सुखांत कोंडून ठेविलें. परंतु बाहेर पडतांच त्यास रोग, वार्धक्य व मरण यांचें ज्ञान झालें. पुढें बार्लाम तपस्व्याच्या उपदेशानें तो ख्रिस्ती झाला व त्यानें राज्य सोडिलें. रोमच्या संतनामावलींत २७ नोव्हेंबर या दिवशीं या दोघांचीं नांवें असत.

हा राजपुत्र कोण, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं ओळखिलें असेल. कथा सिद्धार्थ गौतमाची आहे. ‘बोधिसत्त्व’ या पदाचें अरबींत ‘बूधासफ’ झालें. अरबी लिपींत ‘ब’खालीं एक नुक्ता, ‘य’खालीं दोन; एका नुक्त्याच्या फरकानें ‘यूधासफ’ झालें. जॉर्जियन भाषेंत ‘योदासफ’, ग्रीकांत ‘योआसफ’ आणि लॅटिनांत ‘जोसाफात’! या नांवाचा एक राजा बायबलांतही असल्यामुळें तें परकें वाटेनासें झालें.

विशेष हें कीं, संशय आपल्याच किनाऱ्यावरही लिहिला गेला. गोव्यांत राहिलेला पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दो कोउतु यानें इ. स. १६१२ त छापलेल्या ग्रंथांत दोन्ही कथांचें साम्य नोंदविलें. साष्टींतील कान्हेरीचीं लेणीं जोसाफाताच्या पित्यानें पुत्रासाठीं कोरविलीं, असें तेथील एका वृद्धाकडून कळल्याचेंही तो लिहितो. परंतु बौद्धांनींच ही कथा जोसाफातावरून रचिली असावी, असा त्याचा ग्रह झाला. इ. स. १८५९ त लाबूले व १८६० त लीब्रेश्ट यांनीं खरा क्रम दाखविला.

असें बोलल्यानें भाविकांची श्रद्धा डळमळेल, असें कोणी म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. वैराग्याचें जें मोल त्या कथेंत आहे, तें नांव उलगडल्यानें उणें होत नाहीं. उलट, शेजाऱ्याच्या ठेव्यास आपलें नांव देऊन गप्प बसणें हेंच सत्यास बाधक होय.

यास्तव, या महोत्सवानिमित्त जे तरुण घरोघरीं जाऊन वृद्धांच्या आठवणी टिपणार असतील, त्यांस आमची विनंति आहे. नांव जसें ऐकाल तसेंच लिहा. शुद्ध करावयाच्या भरांत नवें घडवूं नका. कथा ती कथा म्हणून व दप्तरांतील नोंद ती नोंद म्हणून वेगळी ठेवा. एका नुक्त्यानें एवढें अंतर पडलें, हें लिहितांना ध्यानीं असूं द्या. परमेश्वर आपणां सर्वांस सत्याची आवड देवो.