कडी आतून



तुमच्या शाळेत येताना पाहिलं, कोळीनृत्याची मुलं टोप्या सांभाळत पडद्यामागे उभी आहेत. तेव्हा थोडक्यात बोलतो.

मी कल्याण स्टेशनात काम करतो. रेल्वेत नव्हे, फलाटावर. उत्तरेकडच्या गाड्या कसाऱ्याहून येतात, दक्षिणेकडच्या कर्जतहून. कल्याणला त्या एकत्र होतात आणि त्यांतून एकटी मुलंही उतरतात. कुणी बापाच्या माराला कंटाळून, कुणी नापास झालो म्हणून, कुणी नुसती मुंबई बघायला. नवं मूल लगेच ओळखू येतं. सगळे जिन्याकडे धावत असतात, ते एकटंच थांबलेलं असतं.

आम्ही कार्यकर्ते वेळेवर पोचलो, तर बरीच मुलं घरी परततात. उशीर झाला की फलाट त्यांचा मास्तर होतो. सदऱ्यानं गाडीचा डबा झाडून पैसे कसे मागायचे, रिकाम्या बाटल्या कुठं विकायच्या, भूक मारायला पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन कसं हुंगायचं, सगळं शिकवतो.

लोक म्हणतात, ‘उचला आणि टाका आश्रमात.’ पण मूल म्हणजे गाठोडं नव्हे. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. त्याचं म्हणणं ऐकायचं, घरच्यांचा शोध घ्यायचा आणि परत पाठवणं त्याच्या हिताचं नसेल, तर बालगृह.

हे मला तोंडपाठ होतं. तरी एका दहा-अकरा वर्षांच्या पोरानं मला नापास केलं. बालगृहातल्या पहिल्या रात्री त्यानं विचारलं, ‘‘दादा, दाराला कडी आतून हाय का भायेरून?’’ मी म्हटलं, ‘‘बाहेरून. काळजी करू नकोस, कुणी आत येणार नाही.’’ पहाटे पोरगा खिडकीतून पसार.

दोन दिवसांनी फलाटावर सापडला. मी चिडलोच. ‘‘जेवण आहे, गादी आहे, शाळा आहे, आणखी काय पाहिजे?’’ तो म्हणाला, ‘‘हितं मी रोज शंभर रुपये कमावतो. तिकडं संडासला जायाला बी इचारावं लागतंय.’’

आपण त्याला काय देतो, एवढंच मी मोजत होतो. काय सोडायला लावतो, ते मोजलंच नव्हतं. कमाई, दोस्त, वाटेल तिथं झोपायची मुभा. वाईट का असेना, ते त्याचं स्वतःचं होतं.

आम्ही कडी आतून बसवली. रात्री एक मोठं माणूस जागं राहू लागलं. भाजी आणण्याचा हिशेब त्या पोराच्या हाती दिला. तरी तो आणखी दोनदा पळाला. चौथ्या वेळी मात्र आपणहून आला, बरोबर एक दोस्त घेऊन. दारात त्याला सांगत होता, ‘‘भिऊ नको, कडी आतून हाय.’’

सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत. कित्येक मुलं गेली ती पुन्हा दिसली नाहीत.

आता तुमच्याकडं मागणं. स्टेशनात एकटं मूल दिसलं, तर नाणं टाकून पुढं जाऊ नका, त्याचा व्हिडिओ काढू नका. 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून 1996 साली मुंबईत ही सेवा सुरू झाली. नंबर सांगताना ‘दस-नौ-आठ’ म्हणायचे, अक्षरओळख नसलेल्या पोरालाही पाठ व्हावा म्हणून.

दुसरं मागणं फक्त विद्यार्थ्यांकडं. शिक्षणहक्क कायद्यानं आमच्या मुलांना वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. उद्या एखादा तुमच्या वर्गात येईल. त्याला पाढे येणार नाहीत, पण सुट्ट्या पैशांचा हिशेब तुमच्याहून पक्का असेल. ‘तुझे बाबा काय करतात?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. बाकावर थोडं सरकून बसा.