मूळ रंगाचा शोध



व्याख्यानमालेच्या या मंडपात, खेळाच्या जुन्या पेटीला रंग कसा द्यावा हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु विषय दिसतो तेवढा पोरकट नाही. जुन्या वस्तूला हात लावताना काय राखावे आणि काय पुसावे, हा प्रश्न वाड्याला आहे, देवळाला आहे, पोथीलाही आहे. आम्हांला तो शिकागोच्या वास्तव्यात पिनबॉलच्या पेट्यांनी शिकविला.

खिळे ठोकलेल्या फळीवर गोळी उडविण्याचा बॅगाटेल आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पिनबॉल हा त्याचाच थोरला भाऊ. १९३१ साली गॉटलीब यांच्या ‘बॅफल बॉल’ने तो अमेरिकेत घरोघर ठाऊक झाला. गोळीला परतवून लावणाऱ्या फ्लिपर नावाच्या दांड्या १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’त आल्या, तोवर सारा भार नशिबावर. म्हणूनच त्याला जुगार ठरवून १९४२ साली न्यूयॉर्कच्या महापौरांनी त्यावर बंदी घातली आणि यंत्रे हातोड्यांनी फोडविली. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. गॉटलीब, विल्यम्स, बॅली हे मोठे कारखानदार शिकागोचेच. तेव्हा जुन्या पेट्या आमच्या हाती लागाव्यात यात नवल नव्हते.

या लाकडी पेट्या रंगविण्याची रीत साधी होती. आधी फिक्या रंगाचा हात, त्यावर पुष्कळदा दुसऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे; मग आकृती कापलेला साचा धरून एक रंग फवारायचा, तो सुकला की दुसऱ्या साच्याने दुसरा. साचा लाकडाला घट्ट चिकटलेला नसे, त्यामुळे आकृतीची कड किंचित धूसर उतरे. आज कुणी चिकटपट्टी लावून सुरीसारखी कड काढली, तर काम देखणे दिसते, पण ते मूळचे काम नव्हे.

आता रंग जुळवायचा कशाशी? उन्हाने बाजूची फळी विटलेली असते. तांबडा गुलाबी होतो, पिवळा मातकट होतो. पेटीचे लोखंडी पाय कोपऱ्यांवर बोल्टांनी आवळलेले असतात. ते काढले की खाली बोटभर रंगाचा पट्टा जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. पेटीतल्या लुगड्याची आतली घडी उलगडावी, तसे ते दर्शन असते. पण येथेही सावध राहावे लागते. तेलाचा पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो. दुकानांतल्या विड्यासिगारेटच्या धुराचा थरही बसलेला असतो. म्हणून सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून मगच नमुना घ्यावा.

रंगाच्या दुकानी आज प्रकाश मोजून छटा सांगणारे यंत्र असते. त्याची मदत घ्यावी. निकाल मात्र डोळ्यांनी द्यावा. दोन रंग ट्यूबच्या उजेडात जुळे भाऊ वाटतात आणि अंगणात नेताच परके होतात, कारण त्यांतील रंगद्रव्ये निराळी असतात. शिवाय ओला रंग सुकल्यावर बदलतो, आणि चकाकी कमीजास्त झाली तरी छटा फसवते. यासाठी लहान फळीवर रंगाचा हात देऊन, पुरता सुकवून, उन्हात आणि दिव्याखाली अशी दोनदा पारख करावी.

आमची एक चूक सांगतो. पहिलीच पेटी हाती आली तेव्हा उत्साहाच्या भरात आम्ही आकृती कागदावर उतरवून न घेता तीवर पॉलिशपेपर चालविला. तासाभरात एका बाजूचे तारे गेले. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती वापरासाठी तसल्या रंगावर अमेरिकेत १९७८ साली बंदी आली. ते ठाऊक असूनही आम्ही कोरडेच घासले, ही दुसरी चूक. पाणी लावून, तोंडाला योग्य मुखपट्टी बांधून घासावयास हवे होते. पुढे दुसऱ्या बाजूवरून अंदाजाने तारे काढले. पाहणारे वाखाणतात. पण ते तारे आमचे आहेत, शिकागोच्या त्या अनाम रंगाऱ्याचे नव्हेत, हे आम्हांला दर वेळी दिसते.

तेव्हापासून आम्ही नियम केला: आधी दोन्ही बाजूंचे ठसे पारदर्शक कागदावर घ्यावेत, मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढावीत, आणि पायाखालचा एक पट्टा कधीच रंगवू नये. पुढच्या माणसाला आमचे चुकले कोठे हे त्यावरून ताडता येईल.

एकदा एका पेटीच्या कडेला चाकूने कोरलेली दोन अक्षरे आढळली. लांबी भरून ती बुजविणे दहा मिनिटांचे काम होते. मालकाला विचारले, तर तो बराच वेळ त्यांवरून बोट फिरवीत राहिला. ती त्याच्या थोरल्या भावाची होती. त्या पेटीला आम्ही रंग दिलाच नाही. धूळ पुसली आणि सुटलेले पोपडे तेवढे चिकटविले.

तेव्हा रंग देण्यापूर्वी तो द्यावा की नाही, हे आधी विचारावे, एवढेच आमचे सांगणे.