कॉम्प्युटर कुणाच्या टेबलावर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या डोंबिवलीच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो १९९९च्या दिवाळीत. ओळखीच्या एका मुलानं लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून तो जोडून दिला होता. पैसे बरेचसे माझ्या बोनसचे. सीपीयूला कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचा हार घातला आणि मॉनिटरला मी जुन्या साडीचं कव्हर शिवलं. ठेवायचा कुठे, यावर फारशी चर्चाच झाली नाही. तो मुलाच्या टेबलावर गेला. मुलगा तेव्हा आठवीत होता, मुलगी अकरावीत. ‘त्याला आवड आहे,’ असं म्हणणारी मीच.

गंमत बघा, मी स्वतः बँकेत नोकरीला होते. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, तेव्हा ती शिकायला पुढे झालेल्यांत मी होते. दिवसभर कीबोर्ड बडवायचा, लोकलला लोंबकळत घरी यायचं आणि घरच्या कॉम्प्युटरवर मात्र फक्त फडकं फिरवायचं! ऑफिसातलं यंत्र माझं होतं, घरातलं नव्हतं. हे तेव्हा मला खटकलंसुद्धा नाही.

मोडेमची ती किरकिर ज्यांनी ऐकली आहे त्यांना आठवेल, इंटरनेट चालू असलं की घरचा फोन बंद. रात्री नऊनंतर आमचा फोन लागायचा नाही हे सगळ्या नातेवाइकांना पाठ झालं होतं. चिरंजीवांनी दोनदा मशीन उघडून बिघडवलं, दोनदा आम्ही पैसे देऊन दुरुस्त करून घेतलं. ‘शिकतोय तो,’ असं हे कौतुकानं सांगायचे. मुलीच्या हातून एकदा एक फाइल पुसली गेली. तेव्हा मी तिला म्हणाले होते, ‘तुला येत नाही तर हात कशाला लावलास?’ हे वाक्य मी विसरूनही गेले होते. ती विसरली नव्हती.

तिनं कॉमर्स केलं, नोकरीही चांगली मिळाली. पण बऱ्याच वर्षांनी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘आई, मला कॉम्प्युटरचं शिकायचं होतं गं. पण मला वाटायचं, हे येणाऱ्यांना आधीपासूनच येतं.’

पुढे एका अमेरिकी पुस्तकाबद्दल वाचलं. ‘अनलॉकिंग द क्लबहाउस’ त्याचं नाव, २००२ सालचं. जेन मार्गोलिस आणि अॅलन फिशर या दोघांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी बोलून ते लिहिलं. त्यात आमच्याच घराचं वर्णन निघालं! कॉम्प्युटर बहुधा मुलाच्या खोलीत, आणि मुलगी भावाच्या किंवा वडिलांच्या खांद्यावरून बघणार. मग मुलगा कॉलेजात येतो तो चार वर्षांचा सराव घेऊन आणि त्या सरावालाच सगळे बुद्धी समजतात. त्या विद्यापीठानं प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला महत्त्व देणं कमी केलं आणि नवख्यांसाठी वेगळे सुरुवातीचे वर्ग ठेवले. कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्या मुली १९९५ साली शंभरात सात होत्या, त्या २००० साली बेचाळीस झाल्या. पाच वर्षांत काही मुलींचे मेंदू बदलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. प्रत्येकाच्या म्हणजे कुणाच्या? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या लोकांना विचारलं होतं, कधी एकदा तरी इंटरनेट वापरलंय का? देशात शंभरातले सत्तावन्न पुरुष हो म्हणाले, बायका तेहतीस. आपल्या महाराष्ट्रात पुरुष एकसष्टच्या वर आणि बायका अडतीस. त्यानंतर आकडे वाढले असणारच, पण सुरुवात किती मागून झाली ते बघा.

आणि हातात फोन आला तरी वेळ कुठून आणायचा? २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे बाईचं इंटरनेट कुकरच्या दोन शिट्यांमधलं. एखादी गोष्ट बिघडवून, पुन्हा जोडून शिकायला जी सलग दुपार लागते, ती तिला मिळत नाही. मग ‘बायकांना फॉरवर्ड करण्यापलीकडे काही येत नाही’ असे विनोद करायला आपण मोकळे.

२०२०च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडच्या कामाच्या बाई लॉकडाउननंतर पुन्हा येऊ लागल्या. शाळा ऑनलाइन, घरात फोन एकच. मुलगा सातवीत, मुलगी दहावीत. मी विचारलं, दहावीचा अभ्यास कसा चाललाय? म्हणाल्या, ‘फोन त्याच्याकडेच असतो वहिनी. ती रात्री भांडी झाली की घेते. त्याला त्यातलं कळतं ना.’

मी काय बोलणार होते? माझंच वाक्य वीस वर्षांनी माझ्याच स्वयंपाकघरात परत आलं होतं.

कपाटात माझा जुना फोन पडला होता. तो बाईंच्या हाती दिला नाही, मुलीला घरी बोलावून तिच्या हातात दिला. तिच्याच बोटाचा ठसा घेऊन त्याला लॉक लावून दिलं, नंबरही तिनंच ठरवला, मला सांगू नकोस म्हटलं. आठवड्यानं बाईंना विचारलं, फोन कोण वापरतंय?

त्या हसून म्हणाल्या, ‘भाऊ मागतो की रोज. पण त्याला उघडतच नाही.’