सगळ्यांत हळू चालणारीच्या पावलाने

आज मी तुम्हांला फार लांबच्या एका गावाची गोष्ट सांगणार आहे. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथलं मोठं शहर ला पाझ. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या बचत गटांच्या आम्ही सात जणी अभ्यासदौऱ्यावर तिथे गेलो होतो. दौरा बऱ्याच दिवसांचा होता, पण मी फक्त पहिल्या दिवसाबद्दल बोलणार आहे.

आपलं कळसूबाईचं शिखर 1646 मीटर उंच. अशी दोन शिखरं एकावर एक ठेवली, तरी ला पाझच्या विमानतळाची उंची गाठायची नाहीत. विमानतळ 4000 मीटरच्या वर, एल आल्तो या शेजारच्या शहरात आहे. खाली मोठ्या खोलगट दरीत ला पाझ पसरलंय. त्याचा मधला भाग साधारण 3600 मीटरवर. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते.

पहाटे उतरलो. सोबतची वाटाड्या मुलगी म्हणाली, "आज आराम करा, पाणी पीत राहा, हलकं खा." पण एवढ्या लांब येऊन झोपायचं का? दहा वाजता आम्ही बाहेर पडलो.

सान फ्रान्सिस्को चर्चसमोरचा चौक पाहिला. तिथून चढाच्या गल्लीत शिरलो. या बाजाराला 'चेटकिणींचा बाजार' म्हणतात. जडीबुटी, धूप आणि वाळवलेली लामाची गर्भातली पिल्लं तिथे टांगलेली असतात. लामा म्हणजे तिकडचा लोकरीचा, ओझी वाहणारा प्राणी. घर बांधताना ते पिल्लू पायात पुरून धरणीमातेला देतात. तिला ते पाचामामा म्हणतात. बघून आधी अंगावर काटा आला. मग आमच्यातली एक म्हणाली, "आपणही पाया खणताना भूमिपूजन करतोच की."

पुढे बटाट्यांचे ढीग दिसले. जांभळे, पिवळे, काळपट, वेडेवाकडे. बटाटा मूळचा याच डोंगरांतला. काळे, खड्यांसारखे हलके बटाटेही होते, त्यांना 'चुन्यो' म्हणतात. थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. ते वर्षानुवर्षं टिकतात. वाळवण घालणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. विकणारीला आणि घेणारीला दोघींनाही 'कासेरा' म्हणायची रीत आहे, म्हणजे नेहमीची. आणि वजन झाल्यावर वर मूठभर घालायचं, त्याला 'यापा' म्हणतात. ते ऐकून आम्ही सगळ्या हसलो. भाजीवालीकडे वरची मिरची-कोथिंबीर आपण कुठे सोडतो?

हसता हसता मागे पाहिलं, तर मावशी नव्हत्या.

मावशी आमच्यात सगळ्यांत वडील. खाली एका दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसल्या होत्या. ओठ पांढरे पडलेले. विचारल्यावर कळलं, विमानातून उतरल्यापासून डोकं ठणकत होतं. सकाळी उलटीही झाली होती. मी म्हणाले, "मावशी, सांगितलं का नाही तुम्ही?" त्या म्हणाल्या, "माझ्यापायी तुमचा दिवस कशाला वाया घालवू, बाई?"

दुकानातल्या बाईने लगेच स्टूल पुढे केलं आणि कोकाच्या पानांचा गरम चहा आणला. तिकडे उंचीच्या त्रासावर तो पितात. ही पानं तिथे कायद्याने चालतात, पण आपल्याकडे आणता येत नाहीत. वाटाड्या मुलगी मात्र स्पष्ट बोलली, "चहावर भागायचं नाही. यांना अजून वर न्यायचं नाही, खाली न्यायचं. आणि डॉक्टरांना दाखवायचं."

दुपारी आम्ही रोपवेने वर एल आल्तोला जाणार होतो. तो बेत रद्द झाला. आधी मावशींना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही खाली उतरून आराम करायला सांगितलं. मग उलट्या दिशेच्या रोपवेत बसून दक्षिणेकडच्या खालच्या वस्तीत निघालो. रायगडाचा रोपवे तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. ला पाझमध्ये 2014 पासून तसे रोपवे शहरातल्या बसगाड्यांसारखे चालतात. कामावर जाणारे, शाळेतली मुलं, बाजारकरणी, सगळे त्यातून जातात. एक नवल म्हणजे, या शहरात पैसेवाले खाली उबेत राहतात आणि गरीब वर थंडीत.

आमच्या पाळण्यात एक बाई बसली. घेरदार झगा, दोन वेण्या, डोक्यावर गोल हॅट, पाठीला रंगीत कापडात बांधलेलं गाठोडं. तिच्याकडे बघून वाटाड्या मुलीने सांगितलं, 1935 साली या शहरात अशा बायकांना टोपल्या घेऊन ट्राममध्ये चढायला मनाई झाली होती. मोठ्या घरच्या बायकांचे कपडे खराब होतात, अशी तक्रार होती. तेव्हा घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी संघटना बांधली. पेट्रोनिला इन्फांतेस ही त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. शेवटी ती मनाई उठली. आज त्यांच्या नाती-पणती गाठोड्यासकट सगळ्यांच्या शेजारी बसतात.

मावशी हे ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्या बोलल्या म्हणून झालं. मी तर आपल्याच माणसांत गप्प बसले."

संध्याकाळपर्यंत त्यांचं डोकं उतरलं. त्या रात्री आम्ही एक नियम केला. रोज सकाळी निघण्याआधी प्रत्येकीने तब्येत सांगायची, आणि सगळ्यांत हळू चालणारी सगळ्यांत पुढे राहील.

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी आपल्या बैठका आठवल्या. जिचा हप्ता चुकतो, ती बैठकीलाच येत नाही. मागच्या वर्षी आमच्या एका गटातली ताई तीन महिने आली नाही. आम्ही दंड लिहीत राहिलो. तिचा नवरा आजारी होता, हे आम्हांला चौथ्या महिन्यात कळलं. तोवर तिने खाजगी सावकाराकडून पैसे उचलले होते. हिशोबाची वही आमची चोख होती, पण मागे कोण राहिलं हे मी वळून पाहिलंच नव्हतं. ती चूक माझी.

आता आमच्या बैठकीत वही उघडण्याआधी एक फेरी होते. "या महिन्यात कुणाला जड जातंय?" पहिले दोन महिने सगळ्या गप्प होत्या. तिसऱ्या महिन्यात एकीने तोंड उघडलं. तिचा हप्ता आम्ही सर्वांनी मिळून पुढे ढकलला आणि तसा ठराव लिहिला.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. वही उघडण्याआधी एकदा मागे वळून बघा.