शस्त्रागारातून संग्रहालयात

(विजयादशमीनिमित्त केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. तलवार, भाला, कट्यार यांना हळदकुंकू वाहतो, फुले वाहतो. परंतु गेल्या शतकात आपल्या लक्षावधी जवानांनी जे शस्त्र खांद्यावर वाहिले, त्या रायफलीची आठवण आपण कशी जतन केली, हा प्रश्न मला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

जगभर महायुद्धकालीन रायफली जमवणारे अभ्यासू संग्राहक आहेत. हा केवळ श्रीमंतांचा छंद आहे, असे समजण्याचे कारण नाही. या मंडळींच्या लेखी रायफल हा एक दस्तऐवज असतो. जपानी आरिसाका रायफलीचेच उदाहरण घ्या. तिच्या नळीच्या मुळाशी सम्राटाचे शेवंतीचे राजचिन्ह कोरलेले असे. १९४५ साली शरणागतीच्या वेळी खाली ठेवलेल्या असंख्य रायफलींवरील हे चिन्ह घासून टाकलेले आढळते. ते अखंड असलेली रायफल बहुधा रणांगणावर हस्तगत झालेली असते. म्हणूनच संग्राहक तिला अधिक मोल देतात. पराभवाच्या क्षणीही आपले राजचिन्ह परक्याच्या हाती पडू नये, ही त्या राष्ट्राची भावना एका ओरखड्यातून वाचता येते.

आता आपल्या 'थ्री नॉट थ्री'कडे वळू. तिचे मूळ नाव ली-एन्फील्ड. जेम्स पॅरिस ली हा तिच्या यंत्रणेचा जनक आणि एन्फील्ड हे इंग्लंडमधील कारखान्याचे गाव. ज्या बंदुकीच्या काडतुसांनी १८५७ चा वणवा पेटला, तीही याच एन्फील्डची. त्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांनी धडा घेतला. डोंगरी तोफखान्याचा अपवाद वगळता तोफा हिंदी शिपायांच्या हातून काढून घेतल्या आणि गोऱ्या सैनिकापेक्षा एक पिढी जुनी बंदूक त्यांना देण्याचे धोरण ठेवले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर सारा समाजच निःशस्त्र केला. १९१४ साली आपले सैन्य फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या द्याव्या लागल्या. हाताला नव्या शस्त्राची सवय होते न होते, तोच महिन्याभरात हे जवान आघाडीवर पोहोचले होते. त्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी सैनिक व कामगार गेले आणि ७४ हजारांहून अधिक परतले नाहीत.

याच रायफली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. दस्ता जिथे लोखंडी भागाला मिळतो, तिथे उजव्या बाजूस मुकुट, कारखान्याचे नाव आणि वर्ष ठोकलेले असते. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलीवर जॉर्ज राजासाठी 'जी. आर.' ही अक्षरे दिसतात. ईशापूरच्या रायफलीवर 'जी. आर. आय.' अशी असतात. हा शेवटचा 'आय' म्हणजे सम्राट. इंग्लंडचा राजा सम्राट ठरला तो हिंदुस्थानच्या जिवावर, याची कबुली त्या पोलादावर त्यांनीच कोरून ठेवली आहे!

दुसऱ्या महायुद्धात २५ लाख हिंदी जवान लढले. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर इंग्रजांनी खाली ठेवलेली शस्त्रे पुढे आझाद हिंद सेनेच्या हाती आली. एकच रायफल, एकाच मातीचे जवान, परंतु एकीकडे साम्राज्याची चाकरी आणि दुसरीकडे स्वातंत्र्याची प्रतिज्ञा. शस्त्राला स्वतःचा पक्ष नसतो. तो धारण करणाऱ्याच्या ध्येयाचा असतो.

आणि ध्येयाइतकेच मोल मनगटाचे. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले. टॉमी गनचे मॅगझिन बदलायला अवसर नव्हता, तेव्हा त्यांनी तीच गन नळीकडून धरून शत्रूवर प्रहार केले. मोर्चा जिंकला आणि तिथेच देह ठेवला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस लाभलेला हा वीर अवघ्या बावीस वर्षांचा होता.

मित्रहो, शौर्याच्या या गाथेला एक बोचरी बाजूही आहे. १९६२ साली हिमालयात आपले जवान हीच एका वेळी एक गोळी झाडणारी रायफल घेऊन चीनच्या स्वयंचलित बंदुकांसमोर उभे ठाकले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत सीएसटी स्थानकावर एके-४७ घेतलेल्या अतिरेक्यांसमोर आपल्या पोलिसांच्या हाती 'थ्री नॉट थ्री'च होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी. जे शस्त्र कधीच संग्रहालयाच्या काचेमागे जायला हवे होते, ते आपण रक्षकांच्या हाती ठेवले. आणि संग्रहालयाच्या काचा मात्र रिकाम्या राहिल्या. ही दोन दुखणी वेगळी नाहीत. ज्याला आपल्या शस्त्रांचा इतिहास ठाऊक नाही, त्याला शस्त्र जुने केव्हा झाले हेही कळत नाही.

आज ईशापूरच्या कितीतरी रायफली अमेरिकेतील संग्राहकांच्या घरी मानाने विराजमान आहेत. आपल्याकडे हा बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु पुन्हा कधीही वापरता येणार नाही अशा, पुरातन मोलाच्या शस्त्रास १९५९ च्या शस्त्र कायद्यातही सवलत आहे. मार्ग बंद नाही, इच्छा हवी. अहिल्यानगर येथे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय उभे आहे. रणगाडे जपता येतात, तर रायफली का नाहीत?

निवृत्त झालेल्या रायफलींपैकी निवडक रायफली निकामी करून, त्यांवरील खुणांची नोंद करून, जिल्ह्याजिल्ह्यातील संग्रहालयांत आणि सैनिकी शाळांत ठेवाव्यात. शेजारी त्या जिल्ह्यातून दोन्ही महायुद्धांत गेलेल्या जवानांची नावे असावीत. आपल्या गावाच्या वेशीवर त्यांचा स्मृतिस्तंभ असेल, तर त्यावरची नावे आधी वाचा, उतरवून घ्या, त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करा. या कामाला सरकारी आदेशाची गरज नाही.

शस्त्रपूजन म्हणजे शस्त्राचे स्मरण आणि शस्त्राची सिद्धता. जुने शस्त्र सन्मानाने काचेमागे असावे आणि नवे शस्त्र जवानाच्या हाती असावे. हे दोन्ही साधेल, तेव्हाच आपले सीमोल्लंघन खऱ्या अर्थाने घडले असे म्हणता येईल.

भारतमाता की जय!